शेपूट गळालेला उंदीर: लॅपटॉपसोबत फिरणाऱ्या माऊसची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित अवतार. मधे वाजलेली कुकरची शिट्टी आणि माझं अडखळणं काढून टाकलंय, बाकी जवळपास जसंच्या तसं आहे.

सुरुवात माझ्या अंगठ्यापासून. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वय २८. मागच्या पावसाळ्यात उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं. आधी दुर्लक्ष केलं, मग बाम चोळला. मग एक दिवस पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना आणि मी हादरलो. घराचा हप्ता याच दहा बोटांवर चालतो ना! फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मला लॅपटॉप घेऊनच बोलावलं आणि मी काम कसं करतो ते दहा मिनिटं नुसत्या बघत बसल्या. मग म्हणाल्या, "दिवसाचे नऊ तास तुम्ही त्या एवढ्याशा चौकोनावर बोटं घासताय. कोपर, खांदा काही हलतच नाहीये. साधा माऊस का नाही वापरत?"

मी म्हटलं, मॅडम, मी आठवड्यातून दोनदा पुणे-मुंबई करतो, माऊस कुठे घेऊन फिरू? त्या हसल्या. त्यांच्या स्वतःच्या पर्समध्ये एक होता.

तर मग मीही घेतला. साबणाच्या वडीएवढा, एका पेन्सिल सेलवर चालणारा, आणि पोटात नखाएवढा डोंगल लपवलेला. अंगठ्याला महिनाभरात उतार पडला, पण डोक्यात एक किडा शिरला. लॅपटॉपने कॉम्प्युटरचं सगळं सगळं गिळलं. पडदा, कीबोर्ड, स्पीकर, कॅमेरा, बॅटरी. मग माऊसच तेवढा बाहेर कसा राहिला? म्हणून वाचायला बसलो. आणि कळलं की गिळायचा प्रयत्न खूप वेळा झालाय.

आधी मूळपुरुष. डग्लस एंगलबार्ट. दुसरं महायुद्ध संपता संपता अमेरिकन नौदलाचा रडार तंत्रज्ञ म्हणून हा पोरगा फिलिपिन्सला पोचला. रडारच्या पडद्यावर माहिती दिसते, मग कॉम्प्युटरलाही पडदा का नको, हा विचार त्याच्या डोक्यात तिथून आला. पुढे कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये त्याने स्वतःचा गट उभा केला. १९६४ च्या सुमारास त्याच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश या सहकाऱ्याने पहिला माऊस बनवला. लाकडाचा ठोकळा, खाली एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाकं, वर एक बटण. एक चाक आडवं अंतर मोजणार, दुसरं उभं. वायर सुरुवातीला मनगटाच्या बाजूने निघायची. ती हाताखाली यायला लागली म्हणून पुढच्या बाजूला नेली. माऊस हे नाव कोणी ठेवलं ते त्या गटातही कोणाला नक्की आठवत नव्हतं. वायर शेपटीसारखी दिसायची, एवढंच. म्हणजे बघा, बिचाऱ्याचं नावच शेपटीवरून पडलं.

या गटाने केलेली एक गोष्ट मला इंजिनिअर म्हणून फार आवडते. आपलंच यंत्र भारी, असं म्हणून ते थांबले नाहीत. नासाच्या पैशातून त्यांनी स्पर्धा लावली: माऊस, जॉयस्टिक, पडद्यावर टेकवायचा लाइट पेन, आणि टेबलाखाली बसवलेली, चक्क गुडघ्याने चालवायची एक दांडी! हात कीबोर्डवर, गुडघा बाणावर. निकाल १९६७ मध्ये छापून आले. नवख्या लोकांत गुडघा आणि लाइट पेन पुढे होते. माऊस पुढे आला तो सरावलेल्या लोकांत. त्यांच्या हातात तो सगळ्यात वेगवान होता आणि चुकाही सगळ्यात कमी. हा निकाल लक्षात ठेवा, पुढे माझ्या आईची गोष्ट येणार आहे तेव्हा लागेल.

९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्टने सुमारे हजार लोकांसमोर हे सगळं दाखवलं. दीड तासाचा कार्यक्रम. गंमत अशी की तो ज्या कॉम्प्युटरवर काम करत होता तो सभागृहात नव्हताच, तो जवळपास ५० किलोमीटरवर मेन्लो पार्कला होता. पडद्यावरचं चित्र मायक्रोवेव्हने हवेतून येत होतं. म्हणजे माऊसच्या त्या जाहीर दर्शनातच डोंगर ओलांडणारा बिनतारी दुवा होता, फक्त माऊसची स्वतःची शेपूट टेबलाला बांधलेली होती.

(इथे एक कंस. त्याच वर्षी जर्मनीत टेलिफुंकन कंपनीनेही गोळीवाला माऊस काढला होता, राइनर मालेब्राइन या इंजिनिअरने. रडारवर वरून फिरवायचा ट्रॅकबॉल होता, तो त्याने उलटा करून टेबलावर ठेवला. पेटंट मागायला गेले तर यात फार काही नवीन नाही म्हणून नाकारलं.)

एंगलबार्टला पेटंट मिळालं, १९७० मध्ये, पण ते संस्थेच्या मालकीचं. संस्थेने पुढे ॲपलला परवाना दिला तो साधारण ४० हजार डॉलरला. एंगलबार्टला रॉयल्टीचा एक पैसाही मिळाला नाही, आणि १९८७ मध्ये, म्हणजे माऊस घराघरांत शिरण्याच्या ऐन तोंडावर, पेटंटची मुदतच संपली.

बिल इंग्लिश झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात गेला. तिथे चाकांच्या जागी गोळी आली, आणि तो माऊस १९७३ च्या आल्टो या कॉम्प्युटरला लागला. १९७९ मध्ये स्टीव्ह जॉब्ज तिथे जाऊन आला, हा किस्सा तुम्ही शंभरदा ऐकला असेल, म्हणून पुढे जातो. त्यानंतरचा भाग कमी लोकांना माहीत असतो. जॉब्जने डीन होव्ही नावाच्या तरुण डिझायनरला गाठलं. झेरॉक्सचा माऊस ३०० डॉलरचा, आणि दोन आठवड्यांत बिघडणारा. जॉब्जला हवा होता १५ डॉलरच्या आतला, दोन-एक वर्षं टिकणारा, आणि सनमायक्याच्या टेबलावर चालणारा तसाच जीन्सवरही चालणारा! होव्हीने दुकानातून रोल-ऑन डिओडरंटच्या बाटल्या आणल्या, त्यातल्या गोळ्या काढल्या आणि लोण्याच्या डबीखाली बसवून पाहिल्या. १९८३ मध्ये ॲपलच्या लिसाबरोबर जो माऊस आला त्याची सुरुवात ही.

मला यातला जीन्सचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. लॅपटॉप अजून बाजारात रुळलाही नव्हता, आणि या माणसाच्या डोळ्यांसमोर मांडीवर माऊस फिरवणारा कोणीतरी होता. गोळीवाल्या माऊसला ते काही नीट जमलं नाही. मांडीवर गोळी घसरते, आणि जीन्सचा धागान्‌धागा आत जातो.

गोळीवाला माऊस माझ्या पिढीनेही पाहिलाय. शाळेची कॉम्प्युटर लॅब: बूट बाहेर, एका मशीनवर तीन जण. बाण अडखळायला लागला की माऊस उलटा करायचा, खालची चकती फिरवायची, गोळी काढायची आणि आतल्या बारीक रुळांवर बसलेलं मळाचं कडं नखाने खरवडायचं. त्यात एक वेगळंच समाधान होतं. गोळ्या चोरीलाही जायच्या. वर्गात एका मुलाकडे अशा चार होत्या, कशासाठी ते त्यालाच माहीत.

आणि आई. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सरकारी नोकरांना एमएस-सीआयटी सक्तीची झाली तेव्हा ती चाळिशी ओलांडलेली होती. नाही केली तर वेतनवाढ अडणार. त्यामुळे दिवसा चौथीच्या पोरांना पाढे शिकवायचे आणि संध्याकाळी गल्लीतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बाकावर बसायचं. थिअरी तिला एका आठवड्यात पाठ झाली. अडलं ते माऊसवर. तो टेबलाच्या कडेला पोचला की आई खुर्चीसकट सरकायची. एकदा कड संपली, माऊस खाली लोंबकळला, बाजूची कॉलेजची पोरं फिदीफिदी हसली. घरी येऊन आई काही बोलली नाही, पण त्या दिवशी भाजी करपली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलो. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. म्हटलं, "आई, उचल आणि मागे ठेव. हवेत उचललास की बाण जागचा हलत नाही." तिने उचलला, मागे ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. पाच मिनिटं तेवढंच. ही गोष्ट तिला कोणी सांगितलीच नव्हती, कारण ज्यांना येतं त्यांना ती सांगण्यासारखी वाटतच नाही.

मग सरांनी तिला सॉलिटेअर खेळायला लावलं. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळेत पत्ते सापडले की तीच जप्त करायची! पण तो खेळ १९९० मध्ये विंडोज ३.० मध्ये आला तेव्हापासून त्याचं एक काम तेच होतं: पान धरायचं, ओढायचं, सोडायचं, आणि त्यात माऊसचा हात बसायचा. तो खेळ वेस चेरी नावाच्या शिकाऊ पोराने लिहिला होता. त्यालाही रॉयल्टी मिळाली नाही. माऊसच्या भोवती ही तक्रार बरीच फिरते.

आई पास झाली. सरावलेल्या हातात माऊस जिंकतो हा १९६७ चा निकाल माझ्या घरी असा लागला.

आता लॅपटॉप. लॅपटॉप म्हणजे टेबल नाही, ही त्याची सगळी शान. पण माऊस तर टेबलाचाच प्राणी. मग काय करायचं? १९८९ ते १९९४ या पाच वर्षांत इंजिनिअर लोकांनी जे काही करून पाहिलं ते वाचताना मला आपल्या ऑफिसातल्या मीटिंगा आठवल्या.

कोणी गोळी उलटी करून लॅपटॉपमध्येच बसवली. ॲपलच्या १९९१ च्या पॉवरबुकमध्ये कीबोर्ड मागे ढकलला, पुढे मनगट टेकायला जागा सोडली आणि मधोमध ट्रॅकबॉल. आज तुमच्या लॅपटॉपवर तळहात जिथे टेकतात ती जागा तिथून आली. त्याआधी कीबोर्ड अगदी पुढच्या कडेला असायचा. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी लॅपटॉपच्या बाजूला चिमट्याने अडकवायचा ट्रॅकबॉल विकला. आयबीएममध्ये टेड सेल्करने वाचलं होतं की कीबोर्डवरून हात माऊसपर्यंत जायला पाऊण सेकंद लागतो आणि परत यायला जवळपास तेवढाच. तेवढा वाचवायला त्याने जी, एच आणि बीच्या मधे एक छोटी टिकली बसवली, १९९२ च्या थिंकपॅडवर. डिझायनर रिचर्ड सॅपरला ती लाल हवी होती. आयबीएमच्या नियमात लाल रंग फक्त आपत्कालीन बंद करायच्या बटणाला. मग कागदोपत्री तिला मजेंटा म्हटलं आणि पुढे हळूहळू लाल केलं. कंपनीचे नियम असेच वाकवायचे असतात, बरं का.

पण माझा सगळ्यात लाडका प्रयत्न एचपीचा. १९९३ चा ऑम्निबुक ३००. उजव्या बाजूला बटण दाबलं की लॅपटॉपच्या पोटातून एक चिमुकला माऊस बाहेर यायचा, एका चपट्या लवचीक पट्टीला जोडलेला. ती पट्टी किती बाहेर आली आणि किती वळली यावरून बाण कुठे आहे ते कळायचं. म्हणजे खाली टेबल असो नसो, माऊस हवेतही चालणार. काम झालं की ढकला आत. काय डोकं लावलंय! आणि तरी तो पुढे टिकला नाही. डावखुऱ्यांनी काय करायचं याला उत्तर नव्हतं, आणि बाहेर लोंबणारी नाजूक पट्टी हा प्रकार मला तरी मांडीवर घेऊन बसायला भीतीच वाटली असती.

मग आला टचपॅड. युटामधल्या जॉर्ज गरफाइडने बोटाच्या स्पर्शाने बदलणारी विद्युत धारकता मोजून बाण हलवायचं तंत्र बसवलं, आणि १९९४ मध्ये पॉवरबुक ५०० वर ते आलं. हलणारा भाग एकही नाही, मळ नाही, गोळी नाही, डावा-उजवा नाही. निकाल लागला. बाकीचे सगळे हरले, लाल टिकली तेवढी तग धरून राहिली.

म्हणजे गिळला की माऊस! पण टचपॅडने गिळलं ते बाण हलवायचं काम. हाताचं काम त्याने बदलून टाकलं. माऊसमध्ये मोठी हालचाल कोपरातून होते, बारीक हालचाल मनगट-बोटांतून, आणि बटण दाबणारं बोट हालचालीपासून वेगळं असतं. टचपॅडवर हे सगळं दोन-तीन बोटांच्या टोकांवर येतं. दहा मिनिटांच्या मेलसाठी ठीक. नऊ तासांचा हिशोब माझ्या अंगठ्याने केला.

बाहेर राहिलेल्या माऊसला मग प्रवासाला निघायला दोन गोष्टी आड येत होत्या: गोळी आणि शेपूट. दोन्ही वेगवेगळ्या लोकांनी, एकमेकांचा विचार न करता सोडवल्या.

गोळीचं आधी सांगतो. प्रकाशावर चालणारे माऊस १९८० च्या सुमारासच बनले होते, पण स्टीव्ह कर्शच्या माऊसला खाली रेघा आखलेली खास धातूची पाटी लागायची. म्हणजे माऊसबरोबर जमीनपण घेऊन फिरा. खरा फरक १९९९ मध्ये पडला. एचपीच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या सेन्सरवर मायक्रोसॉफ्टने इंटेलिमाऊस एक्सप्लोरर आणला. त्याच्या पोटात लाल दिवा आणि एक अगदी लहान कॅमेरा, जो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला १५०० फोटो काढतो. लागोपाठच्या दोन फोटोंत टेबलाचा खरखरीतपणा किती सरकला ते शोधलं की माऊस किती हलला ते कळतं. लाकूड चालेल, कापड चालेल, जीन्सही चालेल. जॉब्जची अट वीस वर्षांनी पुरी झाली, तीही प्रतिस्पर्ध्याकडून.

काच मात्र चालत नाही, कारण स्वच्छ काचेत त्या कॅमेऱ्याला दिसण्यासारखं काही नसतं. हे मी मुंबईत एका क्लायंटकडे शिकलो. भव्य काचेचं टेबल, बारा लोक, माझा डेमो, आणि बाण बेडकासारखा उड्या मारतोय. चहा घेऊन आलेल्या दादांनी मला एकदा बघितलं आणि न विचारता कालचा पेपर माऊसखाली सरकवला. काचेवर चालणारे माऊस २००९ पासून मिळतात, पण ते महाग, आणि पेपर तर सगळीकडे असतोच.

आता शेपूट. स्वित्झर्लंडमधल्या आप्ल नावाच्या खेड्यात १९८१ मध्ये सुरू झालेल्या लॉजिटेकने १९८४ मध्ये इन्फ्रारेडवाला बिनतारी माऊस बनवला. टीव्हीच्या रिमोटसारखा तो, मधे चहाचा कप आला की संपलं. १९९१ मध्ये त्यांनीच रेडिओ लहरींवरचा काढला. नंतर बरीच वर्षं हे माऊस २७ मेगाहर्ट्झवर चालत. पल्ला जेमतेम दीड-दोन मीटर, रिसीव्हर साबणदाणीएवढा आणि वर त्यालाच लांब वायर! शेपूट उंदराची निघाली आणि रिसीव्हरला लागली. असा संच घेऊन कोण प्रवास करणार?

सुटका केली ती २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याने. लहर आखूड झाली की अँटेना आखूड होते, हे बारावीच्या फिजिक्समधलं. वायफाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन सगळे याच गल्लीत राहतात, कारण कमी ताकदीच्या यंत्रांना जगभर इथे परवाना लागत नाही. आपल्याकडे २००५ च्या नियमांनी या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट दिली. एकाच चॅनलवर अडून न बसता गर्दी दिसली की दुसरीकडे सरकायचं तंत्रही आलं. २००७ मध्ये लॉजिटेकने लॅपटॉपला लावून विसरून जाता येईल एवढा बारीक रिसीव्हर आणला. माझ्या हिशोबाने प्रवासी माऊसचा खरा जन्म तो. सेलचं गणितही तोवर जमलं होतं: माऊस हलत नसेल तेव्हा कॅमेरा फोटो कमी करतो आणि डुलकी घेतो, म्हणून एक पेन्सिल सेल कित्येक महिने पुरतो.

धंद्यामुळे एक सावधगिरीचा शब्द सांगतोच. तो डोंगल कॉम्प्युटरला सांगतो की मी माऊस आहे, कदाचित कीबोर्डही आहे, आणि कॉम्प्युटर त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या बॅस्टिल या कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की अनेक कंपन्यांचे डोंगल माऊसचे संदेश कुलूप न लावताच स्वीकारतात. दूर बसलेला माणूस त्यातून चक्क कीबोर्डचे ठोकेही घुसवू शकत होता. त्याला नाव पडलं माऊसजॅक. काही कंपन्यांनी दुरुस्त्या काढल्या, काही डोंगल दुरुस्त होण्यासारखे नव्हतेच. जुना, कपाटात पडलेला बिनब्रँडचा माऊस असेल तर स्टेशनवर, विमानतळावर वापरू नका. नव्यातला ब्लूटूथवाला बघा. डोंगल हरवायचा प्रश्नही सुटतो. माझा पहिला हरवला तो तळेगाव आणि लोणावळ्याच्या मधे कुठेतरी, सीटच्या फटीत. उरलेला माऊस अजून ड्रॉवरमध्ये आहे, एकदम धडधाकट आणि कोणाशीच बोलू न शकणारा.

एंगलबार्ट २०१३ मध्ये गेला. त्याला १९९७ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला होता, पण लोक भेटले की माऊसबद्दलच विचारायचे. त्याच्या १९६८ च्या टेबलावर डाव्या हाताला पाच पट्ट्यांचा एक छोटा कीबोर्डही होता. उजव्या हाताने दाखवायचं, डाव्याने आज्ञा द्यायची, नजर पडद्यावरून हलवायची नाही, अशी ती जोडी होती. शिकायला अवघड म्हणून तो डावा भाग जगाने सोडून दिला. आपण वापरतो तो अर्धा संच आहे. मी आता प्रवासात डाव्या हाताने शॉर्टकट दाबायची सवय लावतोय, अंगठ्याला तेवढाच आराम.

आई गेल्या वर्षी निवृत्त झाली. माझा जुना लॅपटॉप तिला दिला, तर टचपॅडवर तिचं मन बसेना. म्हणे, याच्यावर उचलून मागे कसं ठेवायचं? मग तिच्यासाठी ब्लूटूथवाला छोटा माऊस आणला. ती दिवाणावर मांडी घालून बसते, मांडीवर माझा दहावीचा परीक्षेचा पॅड, पॅडवर माऊस, आणि सॉलिटेअर. चहा घ्यायला उठली तरी माऊसचं खालचं बटण बंद करून उठते, खोलीतला दिवा बंद करावा तसं. त्यामुळे तिचा सेल अजून पहिलाच आहे.

परवा दुपारी मीटिंगमध्ये असताना तिचा फोन आला. "अरे, बाण हलत नाहीये. बिघडला वाटतं."

"आई, खालचं बटण चालू केलंस का?"

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग, "ठेव तू फोन, तुझं काम चालू असेल."